आठ महिने आभासी रुग्णांसोबत: तपासणीआधीचा रिकामा चौकोन

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना निदानाचा विचार कसा करायचा हे शिकवण्यासाठी गेले आठ महिने मी दोन साधनं वापरतेय. एक वर्गणी भरून घेतलेला तयार केसेसचा संग्रह. दुसरं म्हणजे ट्विनवर मी स्वतः बांधलेल्या केसेस. ट्विन हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये आलं, मोफत आहे आणि मुळात वाटा फुटत जाणाऱ्या गोष्टी लिहिण्यासाठी आहे. रुग्णाची केससुद्धा तशीच असते.

तयार संग्रह दिसायला सुरेख आहे, पण त्यात सगळ्या तपासण्यांची यादी बाजूला मांडूनच ठेवलेली असते. मुलं वरपासून खालपर्यंत एकेक दाबत जातात आणि ‘सर्व तपासण्या पूर्ण’ म्हणून गुण मिळवतात. कोणती तपासणी का केली, हे कुणी विचारतच नाही. शिवाय मोबाइलवर एक्स-रे इतका धूसर दिसतो की मुळाभोवतीची पांढरी रेघ, लॅमिना ड्युरा, शोधूनही सापडत नाही.

एक केस मी दोन्हीकडे वापरली. पंचेचाळिशीच्या बाई. दुसऱ्याच दातासाठी काढलेल्या एक्स-रेवर खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी काळे गोल डाग दिसले. दुखणं नाही, कीड नाही, मार लागल्याचा इतिहास नाही. संग्रहात बहुतेकांनी कोल्ड टेस्ट केली, म्हणजे गार लावून दात जिवंत आहे का ते पाहिलं. ती नॉर्मल आली, तरीही ‘रूट कॅनाल’ लिहून मोकळे! डाग आधी दिसला होता, मत तिथेच पक्कं झालं होतं.

ट्विनमध्ये मी कोल्ड टेस्टच्या आधी एक रिकामा चौकोन ठेवला: तुमचं निदान लिहा आणि काय आढळलं तर ते सोडून द्याल तेही लिहा. लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. एका मुलीने लिहिलं, ‘मुळाशी जंतुसंसर्ग. दात जिवंत निघाले तर माझं चुकलं.’ पुढच्या पानावर चारही दातांना गार लागलं आणि लगेच थांबलं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मग हे हाडाचंच काहीतरी आहे का?” होतंच. पेरिअ‍ॅपिकल सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेजिया, म्हणजे मुळांशी हाडात होणारा निरुपद्रवी बदल, सुरुवातीची अवस्था. दाताला हात लावायचा नाही, फक्त अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. त्या क्षणासाठी पुन्हा आठ महिने घालवायला मी तयार आहे.

स्क्रिप्ट कन्कॉर्डन्सचे प्रश्नही करून पाहिले: नवी माहिती कळल्यावर तुमचा अंदाज बळावला की ढळला, उणे २ ते अधिक २. गुण अनुभवी मंडळींच्या उत्तरांवरून ठरतात आणि त्यासाठी किमान १० ते १५ जण हवेत. मला सहाच मिळाले, म्हणून गुण दिलेच नाहीत, नुसती चर्चा केली. सहा शिक्षकांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत हे पाहून मुलं थक्क झाली. त्या दिवशी वर्गात जितके प्रश्न आले तितके एरवी महिन्याभरात येत नाहीत.

पडद्याला एक गोष्ट अजिबात जमत नाही. तडा गेलेल्या दाताच्या रुग्णाला बऱ्याचदा चावताना नाही, तर दाब सोडताना कळ येते. खुर्चीत ती शोधायला दाताच्या एकेका टोकावर चावायला लावावं लागतं, चेहरा वाचावा लागतो. पडद्यावर मला ते वाक्यात लिहावं लागतं, आणि वाक्य लिहिलं की उत्तर फुटलंच. अशा केसेस आता मी ऑनलाइन ठेवतच नाही, थेट ओपीडीत दाखवते.

एक केस बांधायला दोन-तीन संध्याकाळी जातात आणि मुलांनी चौकोनात लिहिलेलं वाचायला त्याहून जास्त. तयार संग्रहाची वर्गणी यंदा भरली नाही. त्यातले चांगले एक्स-रे सोडून द्यावे लागले, याचं वाईट वाटतं. सध्या वरच्या दाढेच्या दुखण्याची केस बांधतेय, जिचं मूळ खालच्या दाढेत आहे.