पेट्रोलचा वास येतोय: नाक, स्कॅनर की धूर?

गणपतीला गावी निघायचं म्हणून आदल्या रात्री टाकी गळ्यापर्यंत भरली. सकाळी वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास मारतोय." वाकून पाहिलं तर फरशी कोरडी. बॉनेट उघडलं, तिथेही काही ओलं नाही. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. गावाला शेवटी एसटीने गेलो. परत आल्यावर ज्याला विचारलं त्याचा उपाय वेगळा. कोणी म्हणे स्कॅनर लावा, कोणी म्हणे ढक्कन बदला. एका गॅरेजने तर गाडी रॅम्पवर न चढवताच कॅनिस्टर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. तुम्ही याच पेचात असाल, तर पैसे कशावर घालायचे हे ठरवायला पुढचं उपयोगी पडेल.

एक अट मात्र आधी. फरशीवर थेंब दिसले किंवा गाडीखालचा पाइप ओला लागला, तर कसली तुलना आणि कसलं काय. गाडी चालू करू नका, टो करून न्या. खालचं सगळं कोरड्या वासाबद्दल आहे.

कोरडा वास म्हणजे वाफ. टाकीतलं पेट्रोल उन्हाने तापलं की वाफ होते, ती नळीतून कोळशाच्या डब्यात जाते. हाच कॅनिस्टर. कोळसा ती वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. ओढल्या गेलेल्या वाफेच्या जागी ताजी हवा यावी म्हणून व्हेंटची वाट असते. एवढ्या साखळीत कुठे तरी भोक पडलं, नळी निसटली किंवा कोळसाच पेट्रोलने भिजला की वास.

स्कॅनर

स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला "आधी कोड वाचा" असं सांगतो, कारण तो अमेरिकन गाड्यांसाठी लिहिलेला असतो. तिथे १९९६ पासून ओबीडी-टू (गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखायची व्यवस्था) सक्तीचं आहे. गाडीच्या कॉम्प्युटरने या साखळीतली साधारण १ मिलिमीटरच्या भोकाइतकी गळती स्वतः पकडायची, आणि कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे २००० नंतरच्या गाड्यांनी अर्ध्या मिलिमीटरची, असा तिथला दंडक. म्हणून तिथे पी ०४५५ आला की मोठी गळती, पी ०४४२ म्हणजे छोटी, पी ०४५६ म्हणजे अगदी बारीक, पी ०४५७ म्हणजे ढक्कन सैल.

आपल्याकडचं ओबीडी युरोपच्या वळणावर आहे. युरोपच्या नियमात पर्ज व्हॉल्व्हचं किमान विजेचं सर्किट तुटलेलं नाही ना, एवढं तपासलं तरी चालतं. म्हणजे तार निघाली तर गाडी ओरडेल, पण नळीला अंगठ्याएवढं भोक पडलं तरी कदाचित हूं की चूं करणार नाही. माझ्या गाडीचं हेच झालं. फोनवर ॲप उघडून मी "नो फॉल्ट्स फाउंड" बघत होतो आणि पार्किंगमध्ये नाकाला झिणझिण्या येत होत्या.

म्हणून स्कॅनरवर पैसे घालण्याआधी तुमची गाडी या बाबतीत बोलते का, ते बघा. ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ रीडर, म्हणजे फोनवर कोड दाखवणारी छोटी डबी, हजाराच्या आत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केलीत तर चार प्रकार समोर टाकतील. ॲपमध्ये रेडिनेसचं, म्हणजे गाडी कोणत्या तपासण्या करते ते दाखवणारं, पान उघडा. तिथे "इव्हॅप" (हीच वाफेची साखळी) समोर "नॉट सपोर्टेड" दिसलं, तर त्या गाडीत गळती शोधायला स्कॅनरचा उपयोग जवळपास शून्य. "सपोर्टेड" दिसलं तरी लगेच खूश होऊ नका, गाडी फक्त पर्जचा प्रवाह बघत असेल. लाइव्ह डेटात टाकीतल्या वाफेचा दाब दिसतो का ते शोधा. तो आकडा दिसत असेल, तर गाडीला गळती ओळखता येण्याची शक्यता बरीच.

आणि कोड आला तरी तो भोक साधारण केवढं ते सांगतो. कुठे आहे, हे सांगत नाही. शिवाय कोड पुसून मोकळं होऊ नका. ही तपासणी बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असताना आणि इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच होते. टाकी फुल्ल करून दिवा गेला म्हणून पेढे वाटायचे आणि चार दिवसांनी तो परत लागायचा, असं होतं ते यामुळेच.

गॅरेजमधला महाग स्कॅनर ही वेगळी चीज आहे. त्यातून पर्ज आणि व्हेंट व्हॉल्व्हला हुकूम देऊन उघडता-मिटवता येतात, टिक-टिक आवाज ऐकता येतो. खरं काम तो करतो. ईएलएमच्या डबीकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

नाक आणि अंगठा

फुकट आहे आणि याच्याइतकी दुर्लक्षित तपासणी दुसरी नाही. वास कधी येतो ते चार दिवस लिहून ठेवा. फक्त टाकी फुल्ल केल्यावर येतो? मग गळ्याची (पेट्रोल भरायची) नळी, ढक्कन, टाकीच्या वरचे सांधे किंवा भिजलेला कॅनिस्टर. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच चालू होत नाही, गचके खाते? मग पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असल्याची दाट शंका. इथे बाहेर गळती नसतेच, वाफ नको तेव्हा इंजिनात शिरते. थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या तोंडाची नळी काढा आणि तिथे अंगठा ठेवा. सतत ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. बहुतेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो, त्यामुळे काढून तोंडाने फुंकली तरी हवा आरपार जायला नको.

ढक्कनाची रबरी रिंग नखाने दाबून बघा. कडक झाली, चिरली असेल तर बदला. पण वास आला की डोळे मिटून ढक्कन बदलायचं, यात मला दम वाटत नाही. ढक्कन उघडताना हलकासा फुस्स आवाज येणं ठीक. मोठ्याने हवा आत ओढली जात असेल तर व्हेंट तुंबलाय.

व्हेंट तुंबायला मुंबईत निमित्त लागत नाही. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि कॅनिस्टर मागच्या चाकाजवळ असेल, तर आधी तिथला चिखल बघा. दुसरा इथला रोग पंपावरचा: नोझल कट झाल्यावरही "साहेब, राउंड फिगर करतो" म्हणत अजून पेट्रोल ओतायचं. ते वाफेच्या नळीतून कोळशात जातं आणि कोळसा भिजला की त्याचं काम संपलं. तिसरे उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आठवडाभर उभी राहिली की त्यांना रबर आवडतं. बाहेरून सीएनजी किट बसवली असेल तर इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपाशी जाणारी बारीक नळी परत नीट लावलीय का, तेही बघा. जुन्या गाडीत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे त्यासाठी न बनवलेलं रबर फुगू शकतं, हाही मुद्दा आहे.

नाकाची मर्यादा सरळ आहे: टाकीच्या वरचा सांधा बऱ्याच गाड्यांत टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि नाक तिथे पोचत नाही.

पीयूसी पास झालं म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी: पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूर तपासतात. टाकीकडून निसटणारी वाफ त्या नळीत येतच नाही.

हातपंप

कॅनिस्टरकडे जाणारी नळी सोडवून हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढायचं आणि काटा टिकतो का बघायचं. काटा पडला तर गळती आहे. कुठे, ते कळत नाही. पर्ज व्हॉल्व्ह किंवा एखादी सुटी नळी तपासायला उत्तम, अख्ख्या साखळीला अपुरा. सुट्टीच्या दिवशी हात काळे करायची हौस असेल तर घ्या.

धूर

स्मोक मशीन खनिज तेल तापवून पांढरा धूर करतं आणि तो अगदी कमी दाबाने साखळीत सोडतं. व्हेंट बंद करायचा, टॉर्च घ्यायचा आणि धूर कुठून डोकावतो ते बघत बसायचं. दाब किती? साधारण अर्धा पीएसआय. टायरमध्ये आपण तीसेक भरतो, त्यावरून अंदाज करा. म्हणून कोणी कंप्रेसरची हवा थेट टाकीत सोडायला निघाला तर गाडी काढून घ्या. सांधे उसवतील हा एक भाग. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळून तिथे ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको. याच कारणाने डबा, तार आणि बॅटरी जोडून घरी धूर करायचे जे व्हिडिओ फिरतात, ते निदान टाकीच्या बाजूला तरी अजिबात करू नका.

गॅरेजला फोन करताना दोनच प्रश्न विचारा. धूर ढकलायला नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड वापरता की साधी हवा? आणि टाकीच्या बाजूची टेस्ट करता, की फक्त इंजिनच्या इनटेकची, म्हणजे हवा आत जायच्या वाटेची? आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी हे मशीन इनटेकची गळती शोधायला घेतलेलं असतं आणि टाकीच्या बाजूला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर मशीन चांगलं असूनही तुमचं काम होणार नाही.

धुराला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. भिजलेला कोळसा त्याला दिसत नाही, कारण तिथे भोक नसतं. मधूनच अडकणारा व्हॉल्व्ह त्या दिवशी शहाण्यासारखा वागला तर तोही सुटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. दोन मिनिटांत "काही नाही साहेब" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत बघायला लावा.

मग कुठे जायचं?

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, आणि नळ्यांना स्वतः हात लावू नका. वॉरंटी संपली असेल तर माझं मत असं: पहिला शनिवार नाक आणि अंगठ्याला द्या. पर्ज व्हॉल्व्ह सापडला तर तिथेच संपलं. नाही सापडला, तर स्कॅनर वगळून सरळ धूर, गाडीत वाफेचा दाब दाखवणारा आकडा नसेल तर नक्कीच. अंदाजाने कॅनिस्टर बदलणं हा सगळ्यात महाग रस्ता. कोळसा भिजल्याचा पुरावा, म्हणजे डब्यातून पेट्रोल निथळणं किंवा डबा हातात जड लागणं, दाखवल्याशिवाय त्याला होकार देऊ नका.

माझ्या गाडीत सातव्या मिनिटाला मागच्या डाव्या चाकाच्या वरून धुराची बारीक रेघ निघाली. टाकीच्या गळ्याशेजारची वाफेची नळी उंदराने कुरतडलेली होती, दातांच्या खुणांसकट. ज्या कॅनिस्टरचं एस्टिमेट मिळालं होतं, तो ठणठणीत निघाला.

नळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाली. तुम्ही गेलात तर जुन्या नळीचा तुकडा सोबत न्या आणि पेट्रोलच्या वाफेला चालणारीच मागा. दुकानदार त्याच मापाची रेडिएटरच्या पाण्याची नळी पुढे करतो. दिसायला सारखीच असते, पण पेट्रोलच्या वाफेत ते रबर टिकत नाही.