बारशापूर्वी वापरलेले नामार्थाचे ॲप

भाचीच्या बारशात नाव ठेवण्याचा मान आत्या म्हणून माझा असल्याने, जगभरातील नावांचे अर्थ देणारे एक मोबाइल ॲप मी महिनाभर वापरले. सेमिटिक (अरबी, हिब्रू, अरामी या भाषाकुळातील) आणि ग्रीक नावांची व्युत्पत्ती त्यात काळजीपूर्वक दिली आहे: सुलेमान, सलीम व सलमा ही नावे ‘स-ल-म’ या एकाच धातूकडे जातात, आणि पीटर म्हणजे ग्रीकमध्ये खडक, ज्याचे मूळ अरामी रूप केफा, हे तेथे चटकन उमगते. (आपला धोंडो आठवल्यावाचून राहत नाही, मात्र तो दगड मूल जगावे म्हणून.) घानातील अकान समाजात शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, हेही तेथे आहे.

भारतीय विभाग मात्र निराश करतो. ‘कियारा’ हे नाव तेथे बेधडक संस्कृत ठरवले आहे. वस्तुतः इटालियन ‘कियारा’चा अर्थ उजळ, तर रोमन लिपीतील लेखनात तिच्याशी मिळत्याजुळत्या आयरिश ‘कीरा’चा अर्थ सावळी, म्हणजे नेमका उलट. धातू किंवा मूळ शब्द न देता ‘भाग्यवान’, ‘सुंदर’ असे अर्थ चिकटवलेल्या नोंदीही पुष्कळ आहेत. परदेशी नावांसाठी हे ॲप जरूर घ्यावे. संस्कृत नाव मात्र पाळण्यात म्हणण्यापूर्वी शब्दकोशात ताडून पाहावे.