निकॉन मोनार्क एम५ ८×४२: रोजच्या रानवाटेची दुर्बीण

घराजवळच्या टेकडीवर, तळ्याकाठी किंवा राखीव जंगलाच्या पायवाटेवर नेमाने जायचं असेल आणि एकच दुर्बीण घ्यायची असेल, तर माप ८×४२ ठेवावं, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटर व्यासाची. या मापात निकॉनची मोनार्क एम५ हातात धरून बघावीच, चष्मा असेल तर नक्कीच. तिच्यात एक उणीव आहे आणि ती लहान नाही: एका वेळी दिसणारं क्षेत्र अरुंद आहे. ती चालणार असेल, तर बाकी बाजू भक्कम आहेत.

आधी आकडे. वजन ६३० ग्रॅम. दृष्टिक्षेत्र ६.४ अंश, म्हणजे १००० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा. सर्वांत जवळचा फोकस २.५ मीटर. आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून जितका मागे ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १९.५ मिलिमीटर. रंगांची किनार कमी करणारी ईडी काच, चित्र सुलटं करणारे फेज-करेक्टेड (चित्र स्पष्ट राहावं म्हणून लेप दिलेले) प्रिझम, त्यावर उजेड वाया जाऊ न देणारं डायइलेक्ट्रिक कोटिंग. आत नायट्रोजन भरलेला आहे आणि १ मीटर पाण्यात १० मिनिटं टिकेल असं कंपनी सांगते.

८ की १०, हा प्रश्न हमखास येतो. आठपट दुर्बिणीत ८० मीटरवरचं हरीण १० मीटरवर उभं असल्यासारखं दिसतं. दहापटीत ते ८ मीटरवर येतं. फायदा एवढाच, पण हाताची थरथरही तेवढीच वाढते. चढ चढून धाप लागलेली असताना दहापट दुर्बीण स्थिर राहत नाही आणि पिसांवरची बारीक रेघ थरथरीत हरवते. उजेडाचंही तसंच. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटर येतात. डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची ही रुंदी. १०×४२ मध्ये ती ४.२ होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला, प्राणी हालचाल करतात नेमकं तेव्हा, डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि हा फरक झाडाखालच्या सावलीत दिसतो. भर उन्हात बाहुली २-३ मिलिमीटरवर येते, तेव्हा दोन्ही सारख्याच. दुपारी तापलेल्या मोकळ्या जमिनीवरून दूरचं चित्र पाण्यासारखं हलत असेल, तर दुर्बिणीला बोल लावू नये. ती हवेची लहर आहे आणि जास्त पटीच्या दुर्बिणीत ती आणखी मोठी दिसते.

आता उणिवेकडे. मोकळ्या पाणथळीवर बसलेल्या बगळ्यासाठी ६.४ अंश पुरेसे आहेत. गर्द पानोऱ्यात १० मीटरवर सतत हलणारा वटवट्या शोधायचा असेल, तर खिडकी जेमतेम १.१२ मीटर रुंद मिळते. पक्षी एक फांदी ओलांडतो आणि चौकटीबाहेर जातो. याच कंपनीच्या मोनार्क एम७ ८×४२ मध्ये दृष्टिक्षेत्र ८.३ अंश आहे, म्हणजे त्याच १० मीटरवर १.४५ मीटर. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. झाडीत उडता पक्षी धरताना वाटत नाही. एम७ चा आय रिलीफ मात्र १७.१ मिलिमीटर आहे. जाड काचेच्या चष्मेवाल्यांना तिथे कडा कापलेल्या दिसू शकतात. म्हणून सरळ मत असं: चष्मा लावून बघणाऱ्यांनी एम५, बिनचष्म्याच्या आणि दाट झाडीत फिरणाऱ्यांनी थोडे जास्त मोजून एम७.

एम५ च्या लांब आय रिलीफची एक उलट बाजूही आहे. चष्मा नसेल आणि आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणारे फिरते कप, पूर्ण बाहेर काढले नसतील, तर डोळा काचेच्या फार जवळ जातो आणि चित्रात काळ्या सावल्या सरकत राहतात. अनेक जण यालाच खराब माल समजून दुर्बीण परत करतात. आयकप फिरवून शेवटच्या खाचेपर्यंत बाहेर काढा. तरीही सावल्या आल्या, तर कप डोळ्याच्या खोबणीत न दाबता भुवईच्या हाडाला टेकवा. चष्मा असेल तर कप पूर्ण आत.

दुर्बीण नीट लावून घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे चांगली दुर्बीणही डोकं दुखवते. आधी मधली बिजागरी मिटवत-उघडत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग ३०-४० मीटरवरचं ठळक बारकावे असलेलं काही निवडा: पाटीवरची अक्षरं किंवा झाडाची खडबडीत साल. उजवी पुढची काच तळव्याने झाका. डोळा मिटू नका, कारण एक डोळा मिटला की दुसराही आकसतो. फक्त डाव्या डोळ्याने बघत मधल्या चाकाने चित्र लख्ख करा. आता डावी काच झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसजवळचं (डोळ्याकडच्या काचेजवळचं) डायऑप्टरचं, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारं, कडं फिरवा. लख्खपणाच्या थोडं पुढे जाऊन परत या. ती खूण लक्षात ठेवा, कारण पिशवीत काढ-घाल करताना कडं सरकू शकतं. दुपारनंतर एका डोळ्यावर ताण यायला लागला, की सर्वांत आधी तेच तपासा.

पक्षी सापडत नाही, ही नवख्यांची सर्वांत मोठी तक्रार. इथे चूक नजर हलवण्यात असते. दुर्बीण डोळ्याला लावून मग शोधायला जाऊ नका. पक्ष्यावर नजर खिळवा, मान आणि डोळे जसेच्या तसे ठेवा आणि दुर्बीण नजरेच्या आड आणा. जवळच्या पक्ष्यासाठी चाक आधीच जवळच्या फोकसकडे फिरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी अर्धा सेकंद वाचतो. जवळच्या अंतरावर फोकसची खोली अगदी उथळ असते: पुढचं पान लख्ख आणि वीतभर मागचा पक्षी धूसर.

दुकानात खोक्यावरचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नका, हातातला नग तपासा. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे बघा. आयपीसमधले उजेडाचे दोन ठिपके पूर्ण गोल हवेत, कडेला करड्या चिरा नकोत. पांढऱ्या आभाळासमोरची काळी फांदी बघा. मध्यभागी जांभळी-हिरवी किनार दिसायला नको. ईडी काच असली तरी अगदी कडेला थोडी दिसते, ती चालते. फोकसचं चाक उलट दिशेला फिरवल्याबरोबर चित्र बदललं पाहिजे. आधी चाक नुसतंच पोकळ फिरत असेल, तर तो नग सोडा. शेवटची चाचणी दोन नळ्यांच्या समांतरपणाची. दूरच्या इमारतीचा आडवा कठडा बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून बोटभर मागे घ्या. दोन वर्तुळांत कठडा वर-खाली दिसला, तर नळ्या एका रेषेत नाहीत. आडवा फरक मेंदू काही प्रमाणात सांभाळून घेतो, उभा फरक फार थोडा, म्हणून अशी दुर्बीण अर्ध्या तासात मळमळ आणते. दुर्बीण दगडावर पडली तरी हाच दोष येतो. तेव्हा घरी स्क्रू उघडू नका. आतला नायट्रोजन जाईल आणि नळ्या काही जुळायच्या नाहीत.

मुलांसाठी घेत असाल तर मुलालाच सोबत न्या. डोळ्यांमधलं अंतर कमी असलं की ही दुर्बीण पूर्ण मिटवूनही दोन वर्तुळं एक होत नाहीत. आणि मुलांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा, की दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही. दृष्टी कायमची जाते.

पावसाची चिंता नको, पावसानंतरची करा. नायट्रोजन आतली काच धुरकट होऊ देत नाही, बाहेरच्या काचेवर त्याचा इलाज नाही. गार खोलीतून दमट हवेत जाताना दुर्बीण पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. ओली दुर्बीण बंद डब्यात ठेवली की कोटिंगवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि त्यांनी कोटिंग खाल्लं की पुसूनही डाग जात नाही. आधी वाऱ्यावर, सावलीत पूर्ण सुकवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. पुसण्याचाही क्रम आहे: आधी रबरी फुग्याने वारा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने थेट पुसलं तर धुळीतला वाळूचा कण कोटिंगवर ओरखडा काढतो.

६३० ग्रॅम गळ्यात दोन तास वागवले की मान बोलायला लागते. सोबतच्या पट्ट्याऐवजी खांद्यांवर वजन घेणारा हार्नेस लावा. चालताना दुर्बीण पोटावर आपटत नाही आणि ती उचलताना हाताची हालचाल लहान राहते, म्हणून पाखरं कमी बुजतात. एखादा पक्षी खाणं थांबवून तुमच्याकडेच टक लावून बघू लागला, तर आपण फार जवळ आलोय. आठपट दुर्बीण हातात आहे, चार पावलं मागे या.

फुलपाखरांसाठी २.५ मीटर थोडे लांब पडतात, पायाजवळच्या फुलावरच्या फुलपाखराला बघायला मागे सरकावं लागतं. जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींसाठी दुर्बीण उलटी करा: पुढच्या मोठ्या काचेतून बघत आयपीस शेवाळाच्या अगदी जवळ न्या, बोटाच्या पेराहूनही कमी अंतरावर, आणि पुढे-मागे करत लख्ख जागा शोधा. शेवाळाच्या देठावरच्या बीजाणूंच्या कुप्या एकेक वेगळ्या दिसतात. फक्त आयपीसच्या काचेला माती लागू देऊ नका.