‘नैसर्गिक’ पावडरीपायी आमच्या कोंबड्या बसल्या

फलटण तालुक्यात आमच्या ग्रामप्रिया जातीच्या १५० कोंबड्या आहेत. नोव्हेंबरात रोजची अंडी ११० वरून ९० वर आली. त्याच सुमारास जीपमधून पावडर विकणारा एक माणूस वस्तीवर आला. “ताई, थंडीत अंडी घटली ना?” हे खरंच होतं, म्हणून त्याचं पुढचंही खरं वाटलं. खरं तर दिवस लहान झाला की अंडी कमी होतातच. कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. शेडात पहाटे बल्ब लावला असता तरी भागलं असतं.

शतावरी, शेवगा, हळद, सगळं नैसर्गिक, असं तो सांगत होता. १० किलोची पिशवी १,८०० रुपयांना. तीन घेतल्या, ५,४०० रुपये रोख दिले. पावडर निकामी निघाली असती तर पैसेच गेले असते. घात केला तो त्याच्या सल्ल्याने: “केमिकलवालं लेअर मॅश बंद करा. मका नि कोंडा घाला, किलोला ५० ग्रॅम पावडर मिसळा. शिंपलासुद्धा नको, यात कॅल्शियम आहे.” लेअर मॅश म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य. त्याचा खर्च वाचणार म्हणून मी तसंच केलं.

पहिले चार-पाच दिवस काही जाणवलं नाही. अंगातलं कॅल्शियम संपेपर्यंत कोंबडी हाडांतून काढून कवचाला घालते. आठवड्याभराने मात्र अंडी हातात घेताच चेपायला लागली. मग बिनकवचाची, नुसत्या पापुद्र्याची. कोंबड्या ती फोडून खायला लागल्या, आणि ती खोड सहजी जात नाही. पंधराव्या दिवशी टोपलीत ४१ अंडी होती. सहा कोंबड्या पाय पसरून बसल्या, उठेनात. सासूबाईंना वाटलं खुडूक झाल्या असतील, म्हणजे अंडी उबवायला बसल्या असतील. पण खुडूक कोंबडी हात लावला की अंगावर येते, या नुसत्या बघत राहिल्या. त्यातल्या चार मेल्या.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी खाद्य विचारलं. मग दोन वाट्यांत व्हिनेगर घेतलं. एकात शिंपल्याचा चुरा टाकला, तो फसफसला, कारण शिंपल्यातली चुनखडी व्हिनेगरमध्ये फसफसते. दुसऱ्यात पावडर टाकली, बुडबुडासुद्धा आला नाही. पाण्यात ढवळली तेव्हा तळाला वाळू बसली, वर भुसा तरंगला, पाणी पिवळं झालं.

त्यांनी मांडलेलं गणित मी पिशवी घेतानाच करायला हवं होतं. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे तिच्या पोटात साडेपाच ग्रॅम पावडर. ती सगळी शुद्ध चुनखडी असती तरी कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपासच. अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साडेतीन ते चार ग्रॅम लागतं, आणि मक्यात-कोंड्यात ते जवळपास नसतंच. शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) चांगलेच आहेत, आम्ही आजही घालतो. पण मॅशच्या जोडीला, मॅशऐवजी नाही.

मॅश आणि शिंपला पुन्हा सुरू केला. काहींनी पिसं टाकली, त्या दोन महिने अंड्यावर आल्या नाहीत. त्या माणसाचा फोन बंद आहे. पिशवीवर कोंबडीचं चित्र आणि एक पान, बस्स. कारखान्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, कॅल्शियम किती टक्के तेही नाही. बिल मी मागितलंच नव्हतं, त्यामुळे तक्रारीला हातात पुरावा नाही.

न फोडलेली एक पिशवी ठेवली आहे, हिरव्या रंगाची, तोंड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. तशीच कुणाच्या दारात आली तर आधी चिमूटभर व्हिनेगरमध्ये टाकून बघा, आणि मॅश एक दिवसही बंद करू नका.