मास्टचा बुश: नऊ महिन्यांनी बदललेलं मत

हॅम रेडिओची अँटेना ज्या उभ्या पाइपवर बसते तो मास्ट, आणि टॉवरच्या माथ्यावर तो ज्या कड्यातून फिरतो तो बुश. मे महिन्यात नायलॉनच्या बुशला मी पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळा झालो होतो. ते आधी परत घेतो.

टॉवर चाळीस फुटी, वर 14 मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे हव्या त्या दिशेला वळवायची अँटेना. घर रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. बुशच्या जागी आधी ऑनलाइन मागवलेलं थ्रस्ट बेअरिंग होतं, म्हणजे गोळ्यांवर फिरणारं कडं. दुसऱ्या पावसाळ्यात गोळ्या गंजून ते अडकलं, रोटेटर (खालून मास्ट फिरवणारी मोटर) मात्र जोर लावत राहिला आणि मास्ट बेअरिंगच्या बोल्टांच्या टोकांवर घासायला लागला. जस्त गेलं, पाइपला खाच पडली आणि मागच्या चुन्याच्या भिंतीवर तांबडा ओघळ उतरला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'खाऱ्या हवेत वॉरंटी नाही.' अहो, मग रत्नागिरीचा पिनकोड बघून पार्सल पाठवलंतच कशाला?

मिरकरवाड्याकडे बोटींची कामं करणारा लेथवाला म्हणाला, "काका, बोटीचा शाफ्ट दिवसभर पाण्यात फिरतो, तुमचा पाइप चार वेळा. बुश घाला गप." नायलॉनचा बुश, साडेतीनशे रुपये. दीड इंची पाइप म्हणतात, पण बाहेरून भरतो 48.3 मिमी. मी हट्टाने भोक 48.6 करून घेतलं. मार्चपासून कसा लोण्यासारखा फिरला!

जुलैत जाम. यागी दोन आठवडे जपानकडे तोंड करून बसलेली. नायलॉन पाणी पितं, फुगतं, भोक आवळतं. लेथवाल्याकडे तणतणत गेलो तर तो म्हणाला, "आम्ही सैलच ठेवतो. घट्ट तुम्ही मागितलात." यावर काय बोलणार?

ऑगस्टच्या उघडिपीत काळा एचडीपीई प्लास्टिकचा बुश बसवला, चांगला एक मिमी सैल. हा पाणी जवळजवळ पीतच नाही. वाऱ्यात टकटक करतो, करू दे. ग्रीस मुळीच लावू नका; जांभ्याची लाल धूळ त्यात बसली की घासकागदच तयार. त्याऐवजी बुशच्या वर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा क्लिपने आवळून झालर केली, पाइपच्या तोंडाला टोपण घातलं. मास्ट चार इंच वर सरकवला, म्हणजे जुनी खाच बुशबाहेर. तिला झिंकचा रंग.

बेअरिंगचा एक फायदा मान्य: बोल्ट आवळून मास्ट तिथेच धरता येतो, रोटेटर खाली काढता येतो. बुशला ते जमत नाही, वजन सगळं रोटेटरवर. माझी यागी हलकी, म्हणून चाललं.

भिंतीला पुन्हा चुना मुद्दाम दिलेला नाही. ओघळाच्या टोकाला ऑगस्टमध्ये पेन्सिलची रेघ मारली होती. परवा बघितलं, ओघळ रेघेच्या वरच आहे.