आल्बेरोबेल्लो की मातेरा? रचलेली घरं आणि कोरलेली घरं

दक्षिण इटलीत बारीला उतरलात आणि हातात दोनच दिवस असले, की हा प्रश्न पडतोच. दोन्ही गावं बारीहून साधारण ५५ ते ६५ किलोमीटरवर. दोन्ही जुन्या दगडी घरांसाठी प्रसिद्ध आणि दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, मातेरा १९९३ पासून आणि आल्बेरोबेल्लो १९९६ पासून. मी आईला घेऊन दोन्हीकडे गेले. माझं मत आधीच सांगते: एकच गाव पाहायचं असेल आणि रात्रीचा मुक्काम जमणार असेल तर मातेरा. सोबत गुडघे दुखणारं कुणी असेल, किंवा वेळ अर्ध्या दिवसाचाच असेल, तर आल्बेरोबेल्लो.

फरक एका क्रियापदाचा आहे. आल्बेरोबेल्लोची घरं रचलेली आहेत, मातेराची कोरलेली.

कोकणात गडगा घालताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना आल्बेरोबेल्लोचा ‘त्रुल्लो’ पटकन समजेल. चुना नाही, माती नाही, शेतातून निघालेला चुनखडीचा दगड दगडावर बसवत न्यायचा. भिंती चांगल्या जाडजूड, आणि वर शंकूसारखं छप्पर. त्या छपराला दोन थर असतात. आतला थर दगडांच्या एकमेकांवरच्या भारानेच तोलून राहतो. बाहेरून चपट्या करड्या चिपा कौलांसारख्या उतरत्या लावलेल्या असतात, म्हणजे पाणी आत न मुरता ओघळून जातं. हे पाणी पूर्वी घराखालच्या टाक्यात साठवत, कारण या भागात नद्या जवळपास नाहीतच. आत शिरल्यावर मान वर केली की चुन्याने रंगवलेला पांढरा घुमट अरुंद होत होत वर गेलेला दिसतो. भिंतीत कोनाडे आहेत, पलंगापुरती एक खोबण आहे. भर दुपारीही आत गारवा होता. आई एका भिंतीवर तळवा टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली.

चुना का वापरला नाही, याची गोष्ट तिथे जो तो सांगतो. गाव कोन्व्हेर्सानोच्या आक्वाविव्हा सरदारांचं. नेपल्सच्या राज्यात नवी वस्ती वसवली की कर भरावा लागे. म्हणून सरदारांनी रयतेला कोरडीच घरं बांधायला लावली, तपासणी आली की झटपट पाडता यावीत म्हणून. १७९७ मध्ये राजा फर्डिनांड चौथा याने गावाला सरदारांच्या हुकमतीतून मोकळं केलं. त्यानंतर चुन्यात बांधलेलं पहिलं घर उभं राहिलं. ‘कासा दामोरे’ नावाचं ते घर आजही पाहायला मिळतं. माझ्या मते ही सगळी गोष्ट समजून मगच गल्ल्यांत फिरावं, नाहीतर ती टोकदार छपरं नुसती गोंडस वाटतात.

अडचण गर्दीची आहे. मोंती भागात हजाराच्या आसपास त्रुल्ली (‘त्रुल्लो’चं अनेकवचन) आहेत, पण चढावरच्या मुख्य गल्ल्यांत दारोदारी दुकानं. दुपारी बसगाड्या भरभरून माणसं येतात. रस्त्यापलीकडचा आया पिक्कोला भाग मात्र शांत आहे. तिथे लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. सकाळी लवकर तिथे जा.

मातेराला पहिल्या नजरेत घरं सुटी अशी दिसतच नाहीत. खोल दरी, आणि तिच्या कडेवर एकावर एक चढलेला पिवळट दगड. खालच्या घराचं छप्पर हीच वरच्या घराची वाट. कातळ कोरत आत गेलेल्या या गुहांना पुढून दगडी भिंत आणि दार. कावेओसो आणि बारिसानो हे जुन्या वस्तीचे दोन भाग. त्यांना ‘सास्सी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः दगडच. कोरीव लेण्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना काम ओळखीचं वाटतं, पण इथे कातळात माणसांचे संसार होते.

ते संसार कसे होते, हे ‘कासा ग्रोत्ता’ या जतन केलेल्या घरात दिसतं. एका गुहेत उंच पलंग, चूल, आणि मागे खेचराची गव्हाण. पाव भाजायला भट्टी सामाईक, म्हणून प्रत्येक घराचा वेगळा लाकडी ठसा. पिठावर तो उमटवला की आपला पाव ओळखता येई. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी इथे आले, १९५२ मध्ये ही घरं रिकामी करण्याचा कायदा झाला आणि सुमारे १५ हजार माणसांना नव्या वसाहतींत हलवलं गेलं. पुढे कित्येक वर्षं सास्सी ओस होते. तेच मातेरा २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरलं. मुख्य चौकाखालचं ‘पालोंबारो लुंगो’ हे टाकं चुकवू नका. गडावरची टाकी आठवतील, पण यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावायचं.

पायऱ्या मात्र मनाची तयारी करूनच चढाव्यात. गुळगुळीत, उंचसखल, आणि बॅगेची चाकं निरुपयोगी. खोली घेताना ‘गाडी थांबते तिथून किती पायऱ्या?’ हे नक्की विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, आणि आईला तीनदा बसावं लागलं.

शाकाहारींचं दोन्हीकडे निभतं. ‘फावे ए चिकोरिया’ मागवा. वाळलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं, घट्ट पिठल्यासारखं घोटलेलं, सोबत कडसर पालेभाजी. मातेरात वाळवून तळलेली कुरकुरीत लाल मिरची मिळते. ती तिखट नसते, पण सांडगी मिरची खाणाऱ्यांना आवडेल. पालेभाजी घातलेला ओरेक्किएत्ते पास्ता घेतलात तर त्यात अँचोवी मासे नकोत, हे आधी सांगा.

बारीहून दोन्ही गावांना छोट्या रेल्वे जातात, पण त्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. रविवारी निघणार असाल तर वेळापत्रक आधी बघून ठेवा. दोन गावांमध्ये थेट रेल्वे नाही. भाड्याची गाडी असेल तर सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि मग दोन्ही जमतात: सकाळी आल्बेरोबेल्लो, दुपारी मातेराला. तसं केलंत तर सूर्य मावळायच्या आत दरीपलीकडच्या मुर्जा पठारावर पोहोचा. तिथून समोरच्या कड्यावर एकेका गुहेत दिवा लागताना दिसतो.