क्यू आणि लूपची बटणं: कोणत्या यंत्रावर नेमकं काय होतं, आणि घेताना काय बघायचं

डीजेच्या दोन वेगळ्या डेकवर (गाणं वाजवणाऱ्या यंत्रांवर) क्यूचं, म्हणजे गाण्यात खूण केलेल्या जागी नेणारं, बटण दाबलं आणि दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, म्हणजे लगेच यंत्र बिघडलं असं नसतं. क्यू काय करणार हे तीन गोष्टींवर ठरतं: गाणं चालू आहे की थांबलेलं, थांबलेलं असेल तर प्लेहेड (गाणं आत्ता जिथे आहे ती जागा) क्यूवरच आहे की तिथून सरकलेलं, आणि बनवणाऱ्याने कोणती पद्धत उचलली आहे. लूपच्या, म्हणजे गाण्याचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजवण्याच्या, बाबतीत यात क्वांटाइझची (क्यू किंवा लूप जवळच्या ठोक्यावर बसवणाऱ्या सोयीची) भर पडते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात यातलं काहीच दिसत नाही. तिथे ‘क्यू, ८ हॉट क्यू, ऑटो लूप’ एवढंच असतं आणि ते सगळीकडे सारखंच दिसतं.

निकाल आधीच सांगतो. बाहेर जिथे वाजवायचं आहे तिथे सीडीजे (पायोनियरचे स्वतंत्र डीजे प्लेअर) ठेवलेले असतील, तर घरी सरावालाही रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच सॉफ्टवेअरवर चालणारा कंट्रोलर (संगणकाला जोडायचा डेक) किंवा त्याच घराण्यातलं स्वतंत्र यंत्र घ्या. लूप हाच तुमच्या वाजवण्याचा कणा असेल आणि यंत्र कायम स्वतःचंच वापरणार असाल, तर डेनॉनचे प्लेअर किंवा ट्रॅक्टर हे सॉफ्टवेअर जास्त सोयीचे आहेत. कारणं पुढे येतीलच.

क्यूच्या तीन पद्धती

| पद्धत | थांबलेलं, क्यूवरच | थांबलेलं, क्यूपासून दूर | चालू असताना |
|---|---|---|---|
| पायोनियर | दाबून ठेवाल तोवर वाजतं, सोडलं की परत क्यूवर | नवा क्यू बसतो | क्यूवर जाऊन थांबतं |
| जुनी डेनॉन | दाबून ठेवाल तोवर वाजतं | आधीच्या क्यूवर परत जातं. नवा क्यू प्ले दाबल्यावर बसतो | क्यूवर जाऊन थांबतं |
| सीयूपी (क्यू-प्ले) | सोडल्यावर वाजायला लागतं | नवा क्यू बसतो, सोडल्यावर वाजतं | क्यूवर जातं, सोडल्यावर तिथून वाजतं |

खरा घोटाळा मधल्या रकान्यात आहे. पायोनियर पद्धतीत गाणं क्यूवर नीट उभं असताना कुणाचा हात जॉग व्हीलच्या (हाताने फिरवायच्या चाकाच्या) वरच्या चकतीला लागला, प्लेहेड केसभर हललं आणि मग तुम्ही क्यू दाबला, तर गाणं जुन्या क्यूवर परत येत नाही. त्या चुकीच्या जागी नवाच क्यू बसतो आणि आधीचा जातो. ‘कधी परत येतं, कधी येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. यावर उपाय दिव्यात आहे. सीडीजेवर क्यूचा दिवा स्थिर असेल तर क्यू बसलेला आहे. गाणं थांबलेलं असताना तो लुकलुकत असेल, तर आता दाबल्यास नवा क्यू बसेल. लुकलुकणाऱ्या दिव्यावर बोट ठेवायचं नाही, एवढी एक सवय लावली तरी अर्धी कटकट संपते. हातून हललंच, तर प्ले दाबून गाणं सुरू करा आणि मग क्यू दाबा. चालू असताना क्यूच्या बटणाने क्यू कधीच बदलत नाही, गाणं मुकाट जुन्या जागी येतं. अर्थात त्या वेळी त्या चॅनलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली हवा.

डेनॉनचे अलीकडचे एससी५००० आणि एससी६००० पायोनियरसारखेच वागतात, त्यामुळे तक्त्यातली जुनी डेनॉन पद्धत नव्या खरेदीत सहसा आडवी येत नाही. जुना वापरलेला सीडी प्लेअर घेत असाल तरच तिचा विचार करा. सीयूपीची गाठ ट्रॅक्टरमध्ये पडते. तिथे क्यू आणि सीयूपी अशी दोन वेगळी बटणं असतात आणि कंट्रोलरच्या एकाच बटणाला यातलं कोणतंही जोडता येतं. दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टरचा सेटअप हाती आला आणि क्यू सोडताच गाणं सुरू झालं, तर त्याने सीयूपी जोडलंय असं समजा.

ट्रॅक्टरमध्ये स्वतः मॅपिंग करताना (कोणतं बटण काय करेल हे ठरवताना) आणखी एक जागा चुकते. क्यूच्या आदेशाला ‘इंटरॅक्शन मोड’ म्हणून ‘होल्ड’च द्यावा लागतो. तिथे ‘टॉगल’ राहिला, तर बटण दाबून धरल्यावर वाजणं आणि सोडल्यावर परत येणं हे होतच नाही आणि माणूस कंट्रोलरला दोष देत बसतो.

या पद्धती विकत न घेता हाताखालून घालायच्या असतील, तर मिक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे (इंग्रजीत शेवटी तीन एक्स लावून लिहितात). त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये, डेकच्या पानावर, क्यू मोडची यादी आहे: मिक्स, पायोनियर, डेनॉन, न्यूमार्क, सीयूपी. एकेक निवडून कीबोर्डवरही फरक कळतो. खरेदीआधीची ही सर्वांत स्वस्त तालीम.

लूप इन दाबला आणि क्यू हलला

सीडीजेवर लूप इनचं बटण हेच चालू गाण्यातलं क्यूचं बटणही आहे. जुन्या सीडीजेवर त्याच्या शेजारी ‘रिअलटाइम क्यू’ असं छापलेलंच असायचं. म्हणून गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर क्यू लावून ठेवला, मग मध्येच कुठेतरी लूप इन दाबला, की क्यू तिथे सरकतो. नंतर क्यू दाबून सुरुवातीला जायला गेलात तर लूपच्या तोंडाशी पोहोचता. सेराटो या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये लूप आणि कामचलाऊ (साधा) क्यू वेगळे राहतात, त्यामुळे तिथून सीडीजेवर येणाऱ्याला हा धक्का पहिल्याच दिवशी बसतो. तोडगा सोपा आहे: परत जायचं असेल ती जागा साध्या क्यूवर ठेवू नका, हॉट क्यूवर (थेट त्या जागी नेणाऱ्या वेगळ्या बटणावर) किंवा मेमरीत ठेवा.

दुसरा धक्का लूप आउटचा. लूप सुरू असताना सीडीजेवर लूप आउट पुन्हा दाबला तर लूप सुटत नाही, आउटची जागा हलवण्याची स्थिती सुरू होते आणि जॉग व्हील ती जागा पुढेमागे करू लागतं. बाहेर पडायचं असेल तर रीलूप/एक्झिट. चुकून लूप आउट दाबलंच, तर जॉगला हात न लावता तेच बटण पुन्हा दाबा, किंवा १० सेकंद गप्प बसा. यंत्र आपोआप साध्या लूपवर येतं.

आता एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतली विसंगती बघा, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या छोट्या कंट्रोलरवर ‘४ बीट/एक्झिट’ असं एक बटण आहे: एकदा दाबलं की चार ठोक्यांचा लूप, पुन्हा दाबलं की लूप बंद. सीडीजे-३००० वरही ४ बीट आणि ८ बीट अशी बटणं आहेत, पण लूप चालू असताना ४ चं बटण लूप निम्मा करतं आणि ८ चं दुप्पट. छोट्या कंट्रोलरच्या सवयीने ‘बंद’ म्हणून ४ दाबलं, की चारचा लूप दोनचा होतो, घाबरून पुन्हा दाबलं की एकचा, आणि स्पीकरमधून ठोक्यांची मशीनगन सुटते. सीडीजे-२०००एनएक्सएस२ वर गोष्ट तिसरीच: चारचा लूप हवा तर लूप इन एक सेकंदाहून जास्त दाबून धरायचा, आणि निम्मा-दुप्पट करायला क्यू/लूप कॉलची डावी-उजवी बटणं. म्हणजे ‘पायोनियर शिकलो की सगळीकडे चालतं’ हे क्यूपुरतं खरं, लूपपुरतं नाही.

डेनॉनवर लूप एका फिरत्या नॉबवर असतो. दाबला की लूप, फिरवला की लहान-मोठा, पुन्हा दाबला की बंद. ट्रॅक्टरच्या कंट्रोलरवरही तोच प्रकार, आकार १/३२ पासून ३२ ठोक्यांपर्यंत. लूपसाठी आम्हाला हीच रचना सरस वाटते: एक हात, एक नॉब, आणि चालू लूपमध्ये त्याच बटणाचा अर्थ बदलण्याची भानगड नाही.

क्वांटाइझ, आणि तो बंद असताना काय होतं

हाताने इन आणि आउट मारलेला लूप घसरतो तो आउटच्या चुकीमुळे. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक ठोका ४६८.७५ मिलिसेकंदांचा, चार ठोक्यांचा लूप १.८७५ सेकंदांचा. आउट फक्त २० मिलिसेकंद उशिरा दाबला गेला, तर प्रत्येक फेरीत तेवढाच फरक वाढतो. आठ फेऱ्यांत, म्हणजे साधारण १५ सेकंदांत, १६० मिलिसेकंद होतात. हे ठोक्याच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे. दुसऱ्या डेकवरच्या किकशी ते उघडउघड भांडतं. ऑटो लूपला (ठरावीक ठोक्यांचा लूप यंत्रच लावतं) हा त्रास नाही, कारण लांबी बीपीएमवरून काढलेली असते. तिथे चूक झाली तर सुरुवातीच्या जागेत होते, लांबीत नाही.

पण क्वांटाइझही सगळीकडे एकच नाही. सीडीजेवर तो बीटग्रिडच्या (गाण्याच्या ठोक्यांवर आखलेल्या रेषांच्या) जवळच्या रेषेवर खेचतो आणि किती बारीक हे सेटिंगमध्ये ठरतं (१, १/२, १/४, १/८ ठोका). ट्रॅक्टरमध्ये हेच काम दोन बटणांत वाटलं आहे: ‘स्नॅप’ असेल तर क्यू किंवा लूप ठोक्यावर बसतो, ‘क्वांट’ असेल तर उडी मारताना ताल सुटत नाही. दोन्हींपैकी एकच चालू ठेवला की ‘क्यू बरोबर बसतो पण उडी चुकते’ किंवा उलटं. डेनॉनच्या इंजिन या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्मार्ट लूप’ नावाची सेटिंग आहे. ती चालू असली तर हाताने मारलेला लूप जवळच्या प्रमाणित लांबीला, २, ४, ८ ठोक्यांना, आपोआप ताणला किंवा आखडला जातो. बहुतेकांना ते वरदान वाटेल. तीन ठोक्यांचा लूप मुद्दाम हवा असणाऱ्याने ती बंद करावी.

आणि बीटग्रिड चुकलेला असेल, तर क्वांटाइझ तुमचा बरोबर क्यू चुकीच्या जागी नेऊन बसवतो. क्यू प्रत्येक वेळी त्याच बाजूला सारखाच सरकत असेल तर बटणाकडे बघू नका, ग्रिड दुरुस्त करा.

हॉट क्यू आणि स्लिप

थांबलेल्या डेकवर हॉट क्यू दाबला तर काय? सीडीजे-२०००एनएक्सएस२ वर गाणं तिथून सुरू होतं आणि बटण सोडलं तरी चालू राहतं. ट्रॅक्टरवर आणि सेराटोच्या बहुतेक कंट्रोलरवर बोट असेपर्यंतच वाजतं. डेनॉनने दोन्ही बाजू ठेवल्या आहेत: ‘पॉज्ड हॉट क्यू’च्या सेटिंगमध्ये मोमेंटरी किंवा ट्रिगर निवडता येतं. अनेक जण मिळून एकच यंत्र वापरत असतील तर ही सेटिंग वाजवायच्या आधी तपासाच.

साठवणुकीतही फरक आहे. सेराटोत आठ क्यू आणि आठ लूप अशा वेगळ्या रांगा, तर ट्रॅक्टर आणि रेकॉर्डबॉक्समध्ये हॉट क्यू आणि हॉट लूप एकाच रांगेच्या खणांत. सेराटोत गाण्यागणिक पाच क्यू आणि पाच लूप ठेवणाऱ्याला दुसरीकडे गेल्यावर जागा कमी पडू शकते.

स्लिप (ट्रॅक्टरमध्ये फ्लक्स) चालू असेल, तर लूप सोडल्यावर गाणं लूपच्या शेवटापासून पुढे जात नाही. मधल्या काळात जिथे पोहोचलं असतं तिथे उडी मारतं. आधीच्या माणसाने स्लिप चालू ठेवून डेक सोडला, की पुढच्याला लूप ‘वेडा’ वाटतो.

सेटिंग की बिघाड

गाणं लोड होताच क्यू भलत्याच जागी असेल तर ऑटो क्यू (आवाज सुरू होतो तिथे आपोआप क्यू लावणारी सेटिंग) बघा. सीडीजेवर त्याची पातळी उणे ३६ पासून उणे ७८ डेसिबलपर्यंत ठेवता येते, शिवाय ‘मेमरी’ हा पर्याय असतो. बारीक आवाजात सुरू होणाऱ्या गाण्यात उणे ३६ ठेवलं तर सुरुवात कापली जाते. मेमरी ठेवलं तर पहिला साठवलेला क्यू उचलला जातो. गाणं एका जागी पोहोचून स्वतःच लूपमध्ये अडकलं, तर रेकॉर्डबॉक्समध्ये तो लूप ‘ॲक्टिव्ह’ म्हणून साठवलेला आहे का ते बघा. आणि पेनड्राइव्ह निघाला किंवा लिंक तुटली की सीडीजे आपणहून इमर्जन्सी लूपवर जातो. तो बटणाचा दोष नव्हे.

खऱ्या बिघाडाची खूण वेगळी. क्यूवर गाणं उभं करा, क्यू दाबून पाच सेकंद धरा, बोट हलवू नका. आवाज अखंड आला तर स्विच ठीक. मध्येच तुटून पुन्हा सुरुवातीपासून वाजला, किंवा जोर लावल्यावरच चालला, तर बटणाखालचा छोटा टॅक्ट स्विच झिजलाय. तो बदलायला सोल्डरिंग लागतं, पूर्ण बोर्ड बदलायची सहसा गरज नसते. वापरलेलं यंत्र घेताना दोन्ही डेकवर, क्यू आणि प्ले दोन्हींवर, हीच चाचणी करा. मग ४ चा लूप लावून तेच बटण पुन्हा दाबा, लूप चालू असताना लूप आउट दाबा, गाणं थांबवून हॉट क्यू दाबून सोडा, आणि शेवटी क्यू दाबून गाणं कुठे जातं ते बघा. पाच मिनिटांत होतं, आणि विकणाऱ्याला यातलं काही विचारावं लागत नाही.